मीम 'वाचता' येणं म्हणजे नेमकं काय?

गेल्या गणपतीत कराडला मामाकडे गेले होते. दुपारची जेवणं उरकली, पुरुषमंडळी आडवी झाली आणि मामी मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या. घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक चित्र टाकलं होतं आणि त्याखाली पोरांचा हसून हसून धुमाकूळ चालला होता. मामींना त्यात हसण्यासारखं काहीच सापडत नव्हतं. "अगं, हा मुलगा कोण? आपल्यातला आहे का कुणी?" त्यांनी विचारलं.

ते चित्र तुम्हीही पाहिलं असेल. रस्त्यावरून एक जोडपं चाललंय. चौकटीचा शर्ट घातलेला मुलगा मान वळवून, ओठांचा चंबू करून, लाल कपड्यांतल्या दुसऱ्याच मुलीकडे बघतोय. शेजारची त्याची मैत्रीण त्याच्याकडे बघतेय, तिचं तोंड उघडं राहिलंय, राग आणि धक्का दोन्ही चेहऱ्यावर. आमच्या ग्रुपवरच्या चित्रात मुलाच्या अंगावर लिहिलं होतं 'मी', मैत्रिणीच्या अंगावर 'सोमवारचा पेपर' आणि लाल कपड्यांतल्या मुलीवर 'मखराची सजावट'.

मामी रोजचं वर्तमानपत्र मथळ्यापासून शेवटच्या पानावरच्या जाहिरातींपर्यंत वाचतात. अक्षरांचा प्रश्नच नव्हता. 'मी', 'सोमवारचा पेपर', 'मखराची सजावट' हे सगळं त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. तरी ते चित्र त्यांना लागलं नाही, कारण त्या त्या मुलाकडे मुलगा म्हणून बघत होत्या. घरातल्या पोरांना तो मुलगा दिसतच नव्हता. त्यांना दिसत होती एक रिकामी जागा, जिच्यात कुणालाही बसवता येतं.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. मीम हा वाचायचा मजकूर आहे. त्याला व्याकरण आहे, शब्दसंग्रह आहे, आणि तो न शिकलेल्या माणसाला तो कळत नाही, जसं मोडी न शिकलेल्याला जुनं खरेदीखत कळत नाही. त्यात कमीपणा काही नाही. शिकवलं की येतं. आपण मात्र शिकवायचं सोडून "तुम्हाला नाही कळायचं" म्हणून फोन परत हातात देतो.

आधी शब्दाचं बघू. 'मीम' हा शब्द इंटरनेटच्या आधीचा आहे. रिचर्ड डॉकिन्स या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली 'द सेल्फिश जीन' या पुस्तकात तो घडवला. अनुकरण केलेली गोष्ट अशा अर्थाचा ग्रीक शब्द त्यांनी घेतला आणि 'जीन'शी यमक जुळावं म्हणून आखूड केला. गुणसूत्रांतून जशी जनुकं पुढच्या पिढीत उतरतात, तशा गाण्यांच्या चाली, कपड्यांच्या तऱ्हा, बोलण्यातल्या लकबी, मडकी घडवायच्या पद्धती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उतरतात, असं त्यांचं म्हणणं. १९९४ मध्ये माइक गॉडविन या अमेरिकन वकिलाने 'वायर्ड' मासिकात हा शब्द इंटरनेटवरच्या चर्चांना लावला, आणि पुढे तो तिथलाच होऊन गेला. यात एक महत्त्वाचा बदल झाला, तो खुद्द डॉकिन्स यांनीच २०१३ मध्ये बोलून दाखवला. जनुकात बदल होतो तो अपघाताने. इंटरनेटवरच्या मीममध्ये बदल माणूस मुद्दाम, डोकं लावून करतो. मला तर वाटतं, सगळी गंमत आणि सगळी साक्षरता त्या 'मुद्दाम' शब्दात आहे.

आता आपण सगळेच जी चूक करतो ती. "मस्त मीम आलंय बघ" असं म्हणून आपण एक चित्र दाखवतो. पण एकटंदुकटं चित्र मीम नसतं. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या लिमोर शिफमन यांनी २०१४ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांनी हे फार नेमकं मांडलंय: मीम म्हणजे एकमेकांची जाण ठेवून बनवलेल्या, थोड्या सारख्या आणि थोड्या वेगळ्या गोष्टींचं कुळ. एखादा व्हिडिओ जसाच्या तसा लाखो लोकांनी पुढे ढकलला तर तो व्हायरल झाला. लोकांनी तो घेऊन आपापल्या हिशोबाने बदलला, त्याच्या आवृत्त्या काढल्या, तेव्हा त्याचं मीम झालं. म्हणजे एक चित्र कळायला त्याची भावंडं आधी पाहिलेली असावी लागतात. मामींनी त्या कुळातलं एकच पोर पाहिलं होतं.

त्या चित्राचीच जन्मकथा घ्या. अंतोनियो गिलेम या स्पॅनिश छायाचित्रकाराने २०१५ मध्ये स्पेनमधल्या जिरोना शहरात ते काढलं. जाहिरातवाले, मासिकवाले पैसे देऊन वापरतात तसल्या फोटोंच्या साठ्यासाठी. बेवफाई हा विषय ठरवून, कलाकार उभे करून काढलेला फोटो. दोन वर्षं तो त्या साठ्यात पडून होता म्हणावं इतका साधा. २०१७ मध्ये लोकांनी त्यावर नावं लिहायला सुरुवात केली आणि तो जगभर गेला. का गेला, ते त्याच्या रचनेत आहे. तीन माणसं, आणि तिघांच्या नजरांनी जोडलेलं एक पूर्ण वाक्य: कर्ता जे सोडू नये ते सोडून भलतीकडे ओढला जातोय. कर्ता कोण, सोडतोय काय, ओढणारं काय, या तीन जागा रिकाम्या. क्रियापद चित्रातच बसलेलं आहे, ते लिहावं लागत नाही.

हे मामींना कसं सांगायचं याचा मी थोडा वेळ विचार केला. मग विचारलं, "मामी, तुमच्या लग्नात उखाणा कुठला घेतला होता?"

त्या लाजल्या. मग म्हणाल्या, "भाजीत भाजी मेथीची, अमुकराव माझ्या प्रीतीचे." नाव त्यांनी आत्ताही घेतलं नाही, 'अमुकराव'च म्हणाल्या.

"हा उखाणा तुमच्या जावेनेही घेतला असेल ना?"

"अगं, सगळ्याच घ्यायच्या. नाव तेवढं बदलायचं."

"मग हे चित्र म्हणजे मेथीची भाजी समजा. नाव बदलायचं."

मामींनी पुन्हा फोन डोळ्यांजवळ धरला. मुलाच्या छातीवरचं 'मी' बघितलं, मग एकेक करून बाकीची दोन नावं. आणि मग हसल्या. "म्हणजे त्या पोराने अभ्यास सोडून मखरच केलं म्हण की!"

उखाण्याची आठवण मी ओढूनताणून काढली नव्हती. आपल्याकडे साचा आणि त्यातली रिकामी जागा ही जोडी फार जुनी आहे. उखाणा तर सरळसरळ साचाच आहे. पहिली ओळ निसर्ग, देवधर्म, स्वयंपाक अशी कुठलीही, दुसरीत नाव, आणि दोन्हींना जोडणारं यमक. पहिल्या ओळीचा दुसरीशी अर्थाने संबंध असलाच पाहिजे असंही नाही. हल्लीच्या लग्नांत पहिल्या ओळीत मोबाईल येतो, वाय-फाय येतो, आणि आजीसुद्धा हसते, कारण तिला साचा माहीत आहे आणि त्यात बसलेली नवी वस्तू तिला लगेच टोचते. हसू त्या टोचण्याचं असतं. ज्याला साचाच माहीत नाही त्याला नवी वस्तू नवी वाटणारच नाही.

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवात करायची, मग दुसरी, तिसरी. चाल ठरलेली, सुरुवात ठरलेली, पुढचं दुःख किंवा कौतुक जिचं तिचं. रचणारी कोण हे कुणी विचारत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवें या अभ्यासकांनी पुण्याहून गावोगाव फिरून जमवलेल्या या ओव्यांचा साठा एक लाखाच्या वर आहे, आणि तो आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. एवढ्या ओव्या, आणि एकीलाही 'ही माझी, हिला हात लावू नका' असं वाटलं नाही. निनावी माणसांनी एकमेकांचं घेऊन, थोडं बदलून पुढे देणं म्हणजे काय, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

शिफमन बाई मीमचे तीन पदर सांगतात: त्यात म्हटलंय काय, ते कोणत्या रूपात म्हटलंय, आणि म्हणणाऱ्याचा सूर काय आहे. पहिले दोन पदर सोपे. तिसरा अवघड, आणि घोटाळे होतात ते तिथेच. पुण्यातल्या पाट्यांवरून हे चटकन कळतं. 'कृपया दारासमोर गाडी लावू नये' ही पाटी. 'दारासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' ही दुसरी पाटी. सांगणं एकच, रूपही एकच, पत्र्यावर रंगवलेली अक्षरं. सूर मात्र पार वेगळा. आणि हवा खरंच सोडतील की नुसतं म्हणतायत, हे ठरवायला पाटीबाहेरचं काहीतरी माहीत असावं लागतं: गल्ली, घरमालक, शहराचा स्वभाव.

लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो, हे इंटरनेटवाल्यांना फार लवकर कळलं. सप्टेंबर १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकावरच्या चर्चाफळ्यावर लिफ्ट, पारा आणि मेणबत्ती यांच्यावरून भौतिकशास्त्राची थट्टा चालली होती. कुणीतरी गमतीने लिहिलं की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय. काहींना ती खरी धोक्याची सूचना वाटली. तेव्हा स्कॉट फाल्मन या प्राध्यापकाने १९ सप्टेंबरला सुचवलं की थट्टेच्या मजकुरापुढे कोलन, आडवी रेघ आणि बंद कंस टाका, मान डावीकडे कलती केली की हसरा चेहरा दिसतो. आजच्या इमोजींची ती पूर्वज. म्हणजे 'मी हे गमतीत म्हणतोय' एवढं सांगायला एक नवं अक्षर जन्माला घालावं लागलं.

चित्राचं अक्षर कसं होतं, हे बघायचं असेल तर एक उदाहरण मला सगळ्यांत थक्क करतं. २ जून २००८ रोजी 'कंट्रोल-ऑल्ट-डिलीट' या व्हिडिओ गेमवरच्या विनोदी चित्रमालिकेत अचानक एक गंभीर भाग आला. चार चौकटी, शब्द एकही नाही. पहिलीत नायक धावत दवाखान्यात शिरतो. दुसरीत तो स्वागताच्या टेबलाशी काहीतरी विचारतोय. तिसरीत डॉक्टरांसमोर उभा. चौथीत त्याची जोडीदार पलंगावर आडवी, हा शेजारी उभा. तिचा गर्भपात झालेला आहे. हलक्याफुलक्या मालिकेत हे असं आणून टाकणं वाचकांना खटकलं, आणि त्यांनी त्या भागाच्या नकला काढायला सुरुवात केली. गर्भपाताच्या दुःखावर हसू काढलेलं मला आजही बोचतं, आणि ते तसं आहे असं म्हटलंच पाहिजे. पण त्या नकलांचं पुढे जे झालं ते लिपीच्या अभ्यासकाने बघावं असं आहे. आधी माणसांच्या जागी दुसरी पात्रं आली. मग नुसत्या आकृत्या. मग डबे-बाटल्या. आणि शेवटी उरल्या फक्त रेघा: पहिल्या चौकटीत एक उभी रेघ, दुसरीत दोन, त्यातली एक बुटकी, तिसरीत दोन सारख्या, चौथीत एक उभी आणि एक आडवी. एवढ्यावरून जाणकार ओळखतो.

रोमन लिपीतला 'ए' उलटा करून बघा. दोन शिंगं आणि निमुळतं तोंड. प्राचीन पश्चिम आशियातल्या लोकांनी बैलाचं डोकं काढलं, बैलाला त्यांच्या भाषेत 'आलेफ' म्हणत. शतकानुशतकं हातोहाती फिरून त्या डोक्याच्या तीन रेघा झाल्या, बैल कुणाला दिसेनासा झाला. जे व्हायला तिथे कित्येक पिढ्या लागल्या, ते इथे काही वर्षांत, आपल्या डोळ्यांदेखत झालं. मीम ही 'पोरांची टवाळी' आहे म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

रूपाबद्दल थोडं. जुन्या मीमवर वरखाली दिसणारी ती जाड, पांढरी, काळ्या काठाची अक्षरं 'इम्पॅक्ट' नावाच्या वळणाची. जेफ्री ली या इंग्रज माणसाने १९६५ मध्ये ती घडवली, छापील मथळ्यांसाठी. पुढे ती घरोघरच्या संगणकांत आयतीच येऊ लागली, आणि पांढऱ्या अंगाला काळा काठ असला की मागचं चित्र उजळ असो की काळोखं, अक्षर उठून दिसतंच. सोय म्हणून निवडलेलं वळण हळूहळू 'हे मीम आहे' अशी खूण बनलं. त्या वळणात देवनागरी नाही. त्यामुळे मराठी मीमकारांनी आपापली वाट काढली, कुणी रोमन लिपीत मराठी लिहिलं, कुणी मिळेल त्या देवनागरी वळणाला काळा काठ लावला. आणि एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: चित्रावर लिहिलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मजकूर नसतो, तो चित्राचाच भाग असतो. दृष्टिहीन माणसाचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो तेव्हा अशा मीमपाशी बहुतेक वेळा नुसतं 'फोटो' म्हणून पुढे जातो. सगळा ग्रुप हसतोय आणि एका माणसाला 'फोटो' एवढंच ऐकू येतंय. चित्राखाली एका ओळीत त्याचं वर्णन लिहायला पंधरा सेकंद लागतात. आपण ते करावं, अगदी मनापासून सांगते.

आता संदर्भाचं. 'धनंजय माने इथेच राहतात का?' हे वाक्य मराठी घरात कुणीही उच्चारलं की निदान एक जण पुढचा संवाद सुरू करतो. १९८८ सालच्या 'अशी ही बनवाबनवी' सिनेमातलं हे वाक्य. त्यावरची मीम नेटवर इतकी आहेत की मोजदाद नको. वाक्यात स्वतःचं असं काय आहे? पत्ता विचारलाय, बास. पण ते ऐकताच पुण्यात खोली शोधणारी, ती मिळावी म्हणून सोंग काढणारी चार पोरं डोळ्यांसमोर येतात. मग कुणी नव्या गावी भाड्याचं घर शोधत असेल, कुणाचं कुरिअर चुकीच्या दारात गेलं असेल, तिथे ते वाक्य ठेवलं की सगळा सिनेमा त्या प्रसंगात ओतला जातो. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांच्या बाबतीत मी उलटा प्रवासही पाहिलाय. वाक्य त्यांना आधी मीममधून कळतं, आणि ते कुठून आलं हे विचारता विचारता आईवडिलांबरोबर सिनेमा बघून होतो. पाच शब्दांच्या फटीतून भाषा घरात येते.

पण ज्याला तो संदर्भ नाही, त्याच्या हातात हे वाक्य पडलं तर? कुणाचा पत्ता विचारण्यात नुकसान काही नाही. सगळीच उदाहरणं इतकी निरुपद्रवी नसतात.

२०१२ च्या मार्चमध्ये दिनेश त्रिवेदी यांना रेल्वेमंत्रिपद सोडावं लागलं आणि त्यांच्या जागी मुकुल रॉय आले. दोघेही ममता बॅनर्जी यांच्या पक्षाचे. बंगालमध्ये त्यावर एक जोडचित्र फिरू लागलं. त्यातले संवाद सत्यजित राय यांच्या १९७४ सालच्या 'सोनार केल्ला' या मुलांच्या सिनेमावरून घेतले होते. त्या सिनेमातल्या मुलाचं नाव मुकुल, आणि 'दुष्ट माणूस गायब' हे त्यातलं बंगाली घरांत पाठ असलेलं बोलणं. मुकुल नावाचा मंत्री, 'गायब' झालेला आधीचा मंत्री, साचा आयता जुळून आला होता. बंगाली माणसाला हे बघताक्षणी कळावं. पण सिनेमा बाजूला काढा आणि नुसते शब्द वाचा: एका नेत्याचा फोटो आणि शेजारी 'दुष्ट माणूस गायब'. थट्टेची धमकी व्हायला एवढं पुरतं. जादवपूर विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांनी ते चित्र ईमेलने पुढे पाठवलं. एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं, नेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. महापात्र यांची खटल्यातून सुटका व्हायला मात्र जानेवारी २०२३ उजाडला. मुलांच्या सिनेमातल्या एका ओळीपायी जवळजवळ अकरा वर्षं.

इथे संदर्भ न कळणं आणि संदर्भ कळूनही न कळल्यासारखं करणं यातला फरक बाहेरून सांगणं कठीण असतं. सत्तेला निरक्षर राहणं परवडतं, साध्या माणसाला परवडत नाही. चीनमध्ये २००९ च्या सुमारास याच्या उलट खेळ झाला. तिथे नेटवर अपशब्द आणि नको ते विषय गाळले जातात. लोकांनी अल्पाकासारखा दिसणारा एक प्राणी कल्पिला, नाव ठेवलं 'गवत-चिखल-घोडा'. चिनी भाषेत हे तीन शब्द जरा वेगळ्या हेलात म्हटले की आईवरची शिवी होते. कागदावर नुसता घोडा. ज्याला हेल ओळखता येतो त्याला पूर्ण निषेध ऐकू येतो. आपल्याकडे श्लेष हा अलंकार म्हणून शाळेत पाठ करून घेतात, तिथे लोकांनी त्याची ढाल केली.

चिन्हाचा अर्थ एका जागी थांबत नाही, हेही वाचकाला कळावं लागतं. 'पेपे' नावाचा हिरवा बेडूक मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराने २००५ मध्ये काढला. निवांत, खुशालचेंडू बेडूक. पुढे वंशद्वेष्ट्या टोळ्यांनी तो उचलला, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने त्याची तशा वापरातली रूपं द्वेषचिन्हांच्या यादीत घातली. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाही मागणारी तरुण मुलं त्याच बेडकाचे फलक घेऊन उभी होती. त्यांच्यासाठी तो आपला साथीदार होता. 'हा बेडूक वाईट की चांगला' या प्रश्नाला उत्तर नाही. कुणी, कुणासमोर, कधी धरला, हे विचारल्याशिवाय तो वाचताच येत नाही.

व्हॉट्सॲपवर नेमकं हेच विचारता येत नाही. चित्र पुढे जाताना कुणी बनवलं, कुठल्या पानावर होतं, त्याखाली काय चर्चा झाली, हे सगळं मागे गळून पडतं. उपहास करणाऱ्या पानावर टाकलेलं खोटं विधान तिसऱ्या ग्रुपवर बातमी म्हणून पोचतं. 'फॉरवर्डेड' ही चिठ्ठी कंपनीने २०१८ पासून लावायला सुरुवात केली, पण ती एवढंच सांगते की हे दुसरीकडून आलंय. सूर सांगत नाही. म्हणून घरातल्या पोरांना माझं एक मागणं असतं: मोठ्यांच्या ग्रुपवर उपहासाचं चित्र टाकताना खाली दोन शब्द लिहा, थट्टा आहे म्हणून. त्याने विनोद थोडा मरतो, कबूल. फाल्मन यांना ते चाललं, आपल्यालाही चालावं.

फोटोतल्या माणसाचं काय, हा प्रश्न उरतोच. 'वेदना लपवणारा हॅरॉल्ड' म्हणून जगभर ओळखला जाणारा पांढऱ्या दाढीचा हसरा माणूस हंगेरीतले विद्युत अभियंता आंद्राश आरातो. त्यांनीही साठ्यासाठीच फोटो दिले होते. आपल्या चेहऱ्याचं हे काय झालं हे कळल्यावर आधी ते हादरले, मग त्यांनी ते स्वीकारलं आणि आता त्याविषयी व्याख्यानं देतात. सगळ्यांना असं वळण मिळत नाही. लग्नात नाचणारी कुणाची तरी मावशी, परीक्षेत नापास झालेला रडवेला मुलगा, यांनी फोटोसाठी कुठेही सही केलेली नसते. साच्यातली जागा रिकामी वाटते, पण तिच्यात आधीपासून एक खरा माणूस उभा असतो.

आणि इथे मला मामींकडे परत यावं लागतं. कारण मेथीची भाजी समजली, हसून झालं, तरी त्या फोन खाली ठेवेनात. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण ह्या निळ्या कपड्यातल्या पोरीचं काय चुकलं गं?"

मी म्हटलं, "मामी, ती पोरगी नाही, तो सोमवारचा पेपर आहे."

"असेल. पण दिसतेय तर पोरगीच."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर आठवलं, २०१८ मध्ये स्वीडनच्या जाहिरात लोकपालाने अगदी हेच म्हटलं होतं. बाहनहोफ या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने नोकरीच्या जाहिरातीत हेच चित्र वापरलं: मुलगा म्हणजे तुम्ही, मैत्रीण म्हणजे तुमची सध्याची नोकरी, लाल कपड्यांतली मुलगी म्हणजे बाहनहोफ. कंपनीचं म्हणणं, हे मीम सगळ्यांना माहीत आहे, त्यात स्त्रियांबद्दल काही नाही. लोकपालाने ते मान्य केलं नाही. बायकांना बदलता येण्याजोग्या वस्तूंसारखं दाखवलंय, म्हणून जाहिरात लिंगभेद करणारी आहे, असा निर्णय दिला. मी पोरांच्या बाजूने चिन्ह वाचत होते, मामी चित्र वाचत होत्या. दोन्ही वाचता आल्याशिवाय मीम पूर्ण वाचून होत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. शिकवायला मी बसले होते खरी.

तुम्हाला घरात कुणाला हे शिकवायचं असेल तर चित्राचा अर्थ सांगू नका. अर्थ सांगितलेल्या विनोदाला चव राहत नाही आणि शिकणाऱ्याला पुढच्या वेळी पुन्हा तुमच्याकडेच यावं लागतं. त्याच साच्यातली आणखी चार-पाच चित्रं दाखवा आणि विचारा, यांत बदलतंय काय, तसंच राहतंय काय. मग साचा मोकळा करून त्यांच्या हातात द्या. वाचन पक्कं होतं ते लिहायला लागल्यावरच, पाटीवर काय नि पडद्यावर काय.

मामींना मी नावं पुसलेलं चित्र दिलं. टाइप करायला त्यांना वेळ लागला, 'ज्ञ' सापडत नाही म्हणून एक शब्द बदलावा लागला. पण जागा त्यांनी स्वतः भरल्या. एक बदलही केला: मैत्रिणीच्या अंगावर काहीच लिहिलं नाही, तिच्या पायाशी, फुटपाथवर लिहिलं. 'डॉक्टरांनी सांगितलेली ज्वारीची भाकरी.' मुलावर 'अमुकराव'. लाल कपड्यांतल्या मुलीच्याही पायाशी, 'पाचवा मोदक'.

ग्रुपवर पाठवल्यावर पहिलं उत्तर आतल्या खोलीतून आलं. मामा जागे झाले होते आणि विचारत होते, पाचवा कसा, चारच खाल्ले.